घाण होती तोवर आमची

बाजारात नवा शब्द आलाय. चक्राकार अर्थव्यवस्था. आयुक्त बोलतात, सल्लागार बोलतात, बंदराचे साहेब बोलतात, झब्बे घातलेले संस्थावाले बोलतात. २०२१ साली नीती आयोगाने या चक्रासाठी अकरा समित्या नेमल्या. २०२५ च्या मार्चात जयपूरला आशिया-पॅसिफिकच्या देशांची परिषद भरली, शहरांची आघाडी जाहीर झाली, अठरा शहरांसाठी १,८०० कोटींच्या करारावर सह्या झाल्या. म्हणजे पैसा आला. पैसा आला की शब्द येतो, शब्द आला की सेमिनार येतं. सेमिनारात चहा, चहाला कागदी कप. ते कप गोळा करायला मागच्या दाराला कोण उभं असतं, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही.

शब्दाचा अर्थ साधा आहे. वस्तू बनवली, वापरली, फेकली, गाडली ही झाली सरळ रेघ. ती वाकवून गोल करायची. फेकलेलं पुन्हा कच्चा माल म्हणून वापरायचं. ओल्याचं खत किंवा गॅस, सुक्याचा माल, बांधकामाच्या राडारोड्याच्या विटा. खाणी कमी खोदायच्या, डम्पिंग कमी भरायचं. हे काम नगरपालिकेने, महापालिकेने, ग्रामपंचायतीने करायचं, कारण कचरा त्यांच्या दारात. यात वाईट काय आहे? काहीच नाही. तळोज्याकडच्या डम्पिंगचा वास ज्याच्या घरात मुक्कामाला येतो त्याला विचारा. तो म्हणेल उद्या करणार असाल ते आजच करा. गोल आम्हाला नको आहे असं कुणी समजू नये. पण गोल फिरवणार कोण आणि फिरताना खाली कोण येणार, हे कुठल्याच सल्लागाराच्या अहवालात नाही. आमचं भांडण तिथून सुरू होतं.

आणि हे नवीन आहे असं म्हणतो कोण?

आमच्या गावात हे चक्र हजार वर्षं फिरत होतं. ढोर मेलं की महाराने ओढायचं. कातडं सोलायचं. ते कमवायला ढोराकडं, तिथून चांभाराकडं. त्याची पाटलाला वहाण, शेतकऱ्याला मोट. मांस महारवाड्यात, वाळवून चान्या, पावसाळ्याची बेगमी. मढ्यावरचं कापड महाराचं. खळ्यावर सांडलेलं धान्य झाडून न्यायचं ते महाराचं. घराघरातली शिळी भाकर येसकराच्या टोपल्यात. काही म्हणता काही वाया जात नव्हतं. शून्य कचरा! ब्रुसेल्सच्या एखाद्या तज्ज्ञाने बघितलं असतं तर गावाला पुरस्कार देऊन गेला असता. सरपंचाच्या हाती ढाल, महाराच्या हाती ढोराची शेपटी.

या व्यवस्थेला नाव काय होतं? बावन्न हक्क. हक्क म्हणे! हरामखोरीला इतकं गोंडस नाव जगात दुसऱ्या कुणी दिलं नसेल. वतनाच्या नावाखाली सरकारचंही काम फुकटात, गावाचंही फुकटात. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी त्याला कागदाचं कुंपण घातलं. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात ते मोडायला बिल आणलं. प्रत्यक्षात मोडलं १९५८ च्या कायद्याने. बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी.

१९२७ ला महाडच्या परिषदेनंतर मेलेल्या ढोराचं मांस आणि ढोर ओढणं सोडा अशी हाक गेली. गावोगावच्या महारांनी सोडलं. तेव्हा सवर्णांना एकदम आमच्या खिशाची काळजी लागली. वर्तमानपत्रात पत्रं आली: कातडी, हाडं, शिंगं विकून वर्षाला इतके इतके रुपये मिळतात, ते तुम्ही बुडवता, आंबेडकर तुम्हाला भिकेला लावतो. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात ही हकिकत सांगितली. त्यांचं उत्तर असं की एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा, तुम्हीच विका, फायदा तुम्हीच ठेवा. वर बक्षीस द्यायचीही तयारी दाखवली. कुणी पुढे आलं नाही.

हे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण चक्राकार अर्थव्यवस्थेचा अख्खा मुद्दा त्यात आहे. पत्र लिहिणाऱ्याने टाकाऊतून मिळणारी कमाई मोजली होती. बाबासाहेबांनी माणसं मोजली.

आज काय? केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेखाली गटारं आणि मैलाटाक्या साफ करणाऱ्यांची नोंद केली. २०२४ पर्यंत नोंदलेल्या ३८,००० कामगारांत ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे. ओबीसी, आदिवासी धरले तर ९२ टक्क्यांच्या घरात. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती साडेसोळा टक्के. हा योगायोग म्हणायचा काय? १८८८ च्या मुंबई पालिकेच्या कायद्यात 'हलालखोर' हा शब्द आहे, त्याच्या नावाचा कर होता. जात कायद्यात लिहून कर वसूल करणारी पालिका. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हटलं, २०२३ ला ३० लाख. दर वाढला, गटार तेच.

गावातलं चक्र जगाच्या मापाचं झालं की कसं दिसतं, ते बघायचं तर न्हावा शेव्याला या. अटल सेतूवरून या, २०२४ च्या जानेवारीत उघडला, जवळजवळ २२ किलोमीटर, शिवडीहून वीस मिनिटं. खाली खाडी, खारफुटी. पलीकडे निळ्या-तांबड्या डब्यांचे डोंगर. हे देशातलं मोठं कंटेनर बंदर, वर्षाला वीस फुटी डब्याच्या हिशेबाने ७० लाखांच्या वर माल हलतो. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. दोन गावांची नावं एकत्र करून जगभरच्या कागदांवर छापली गेली आणि गावं मागे पडली. शेवा कोळीवाड्यातल्या लोकांना १९८० च्या दशकात उचलून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून टाकलं. तिथल्या घरांना वाळवी लागली. भिंती, दारं, छपरं वाळवीने खाल्ली. मासेमारी करणारी माणसं समुद्रावरून उठवली आणि वाळवीच्या वारुळावर बसवली.

जमिनीसाठी आगरी-कोळी शेतकरी लढला. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यावर उरणच्या भागात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना निघाली. त्यांना आमचा सलाम, त्यात कमीजास्त नाही. पण एक गोष्ट बोलायची राहते. साडेबारा टक्के कुणाला? ज्याची जमीन गेली त्याला, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. ज्याच्या बापाने दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात हाडं झिजवली, त्याच्या हिश्शाला शून्याचे साडेबारा टक्के येतात. त्याची पोरं कंटेनर यार्डात ठेकेदाराच्या हजेरीवर, नाहीतर घंटागाडीच्या मागे लटकलेली. हे आगरी दोस्तांनी वाईट वाटून घेऊ नये. बसून बोलू.

तर बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात जगाच्या देशांनी एक करार केला होता, घातक कचरा देशाबाहेर धाडण्यावर लगाम घालणारा. भारताने १९९२ ला तो मान्य केला. करार आणि बंदर एकाच सालची भावंडं. पुढं काय झालं? न्हावा शेव्याला १३३ कंटेनर सापडले. कागदावर वंगणाचं तेल. आत वापरून काळं झालेलं टाकाऊ तेल, घातक कचरा. आणणारे पंधरा आयातदार. हे कंटेनर वर्षानुवर्षं बंदरात पडून. शेवटी १९९५ पासून चाललेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २००५ ला हुकूम दिला: जाळून नष्ट करा, खर्च आयातदारांचा. प्रदूषण करणाऱ्याने भरावं, हे तत्त्व तिथं ठणकावून सांगितलं गेलं.

हे चक्रच होतं बरं का! श्रीमंत देशाच्या इंजिनात तेल जळतं, काळं होतं, तिथं ते नष्ट करायचा खर्च जबर. मग नाव बदलून जहाजावर चढतं. गरीब देशाच्या बंदरात उतरतं. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी हातमोज्याशिवाय ते गाळतो, उकळतो, पुन्हा विकतो. त्याच्या फुप्फुसाचा हिशेब कुठल्याही टेबलावर नाही. १९९१ च्या डिसेंबरातलं जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचं एक टिपण बाहेर फुटलं. त्यात मांडलं होतं की विषारी कचरा सगळ्यात कमी मजुरीच्या देशात ओतणं अर्थशास्त्राला धरून आहे, कारण तिथल्या माणसाचं आजारपण स्वस्त. नंतर म्हणाले ते उपरोधाने होतं. असेल. पण आमच्या मनुस्मृतीला असलं टिपण लिहून देणारा बाहेरून आणावा लागला नव्हता आणि तिने कधी उपरोध केला नाही.

चीनने २०१८ पासून परदेशी प्लॅस्टिक कचऱ्याला दार लावलं. तो माल मग आशियातल्या इतर बंदरांकडे वळला. भारताने २०१९ ला घन प्लॅस्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली. ठीक. पण भंगार, जुना कागद, जुनं यंत्र या नावांखाली काय येतं हे कंटेनर उघडल्याशिवाय कळत नाही, आणि रोज किती उघडणार? म्हणून न्हावा शेव्याच्या आसपास चक्राकार अर्थव्यवस्थेचं सेमिनार भरलं की पहिला प्रश्न कचरा वेगळा करायचा नसतो. तुमच्या चक्राचं दुसरं टोक आमच्या धक्क्यावर का, हा असतो. बंदराच्या नफ्यातून भोवतालच्या पंचायतींना कचऱ्यासाठी काय मिळतं, हा त्याच्या मागोमाग.

आता पालिकेकडे या. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, देशातल्या जुन्या पालिकांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनं पनवेल, २९ गावं, सिडकोचे नोड, सगळं एका पाटीखाली. सिडको आपल्या नोडांचा कचरा आधी स्वतः उचलत होती, मग ते काम महापालिकेच्या गळ्यात आलं. कचरा आला, पण कामगार कायम झाला काय? नव्या महापालिकांचा सगळीकडे एकच साचा. सफाई ठेक्यावर, घंटागाडी ठेक्यावर, डम्पिंग ठेक्यावर. पालिकेकडे उरतो फक्त शिक्का.

ठेका चक्र कसं मारतो ते समजून घ्या. जिथं ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात तिथं कचरा जितका जड तितका त्याचा फायदा. ओला-सुका वेगळा झाला, पुठ्ठा-बाटली-पत्रा भंगारवाल्याकडे गेला, ओल्याचं सोसायटीतच खत झालं, तर गाडी हलकी होणार आणि बिल छोटं होणार. मग तो कशाला वेगळा करू देईल? लोकांनी दोन डब्यांत वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्र ओततात, आणि घरची बाई म्हणते मी कशाला तकलीफ घेऊ. दोष तिच्यावर, होर्डिंगही तिच्यासाठी. ठेक्याच्या कागदातला एक शब्द बदला, टनाऐवजी वेगळ्या केलेल्या कचऱ्यावर पैसे लावा, वेगळा करणाऱ्या हाताला थेट मजुरी द्या. जयपूरला न जाता चक्र फिरायला लागतं.

मात्र तो शब्द बदलला की कुणाचं तरी पोट दुखतं. इथं खरी गोष्ट येते. कचरा घाण होता तोवर आमचा होता. कुणी विचारत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेल्या बाया मुंबईच्या उकिरड्यावर गोणी घेऊन बसल्या तेव्हा त्यांना टेंडर भरा म्हणून कुणी सांगितलं नाही. देवनारचं डम्पिंग १९२७ चं. महाडला आम्ही पाण्याला हात लावला त्याच साली मुंबईने आपली घाण ओतायला ती जागा धरली, आणि तिच्या कडेला कोणाच्या झोपड्या उभ्या राहिल्या ते जाऊन बघा. दलित आणि मुसलमान. पन्नी, काच, लोखंड, हाड वेगळं करून त्यांनी शहराचा कितीतरी माल कारखान्यात परत धाडला. बिनपगारी. कुत्री चावली, काचा लागल्या, पोलिसांनी चोर म्हणून पकडलं. चक्र त्या फिरवत होत्या, शब्द नव्हता एवढंच.

आज कचऱ्याला भाव आला. कंपन्यांवर जबाबदारी आली, जितकं प्लॅस्टिक बाजारात आणाल तितकं परत घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवा. प्रमाणपत्र विकत मिळतं. म्हणजे कचऱ्याचा शेअर बाजार. आणि झालं काय? २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार प्रक्रियादारांकडे सहा लाखांवर खोटी प्रमाणपत्रं सापडली. न वेचलेल्या कचऱ्याचे कागद विकले! खरा वेचणाऱ्या बाईला किलोमागं भंगारवाला काय टेकवतो त्याच्याशी या कागदाचा काही संबंध नाही. घाण होती तोवर आमची, भाव आला की ठेकेदाराची. वतन गेलं, दलाल आला.

नियम नाहीत असं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की कचरा वेचणाऱ्यांना, त्यांच्या संघटनांना स्थानिक संस्थेने ओळख द्यावी, कामात सामील करावं. सॅनिटरी पॅडच्या कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पाकीट द्यावं हेही होतं. दुसऱ्या बाईच्या रक्ताचं कापड वेचणाऱ्या बाईच्या उघड्या हाताला लागू नये म्हणून. किती कंपन्यांनी नेमाने दिलं ते तुमच्या घरातल्या बायांना विचारा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत चार डबे आलेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डबे तिनाचे चार झाले. हात किती झाले?

नियम आणि ठराव यांची आम्हाला मोठी ओळख आहे. हाच जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. १९२३ ला मुंबई कायदेमंडळाने बोल्यांचा ठराव केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने आपल्या दप्तरात ठराव घेतला, चवदार तळं खुलं. तीन वर्षं ठराव दप्तरात आणि आम्ही तहानलेले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर उतरले, तेव्हा ठराव म्हणजे काय ते कळलं. डोकी फुटली. आणि ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच मागे घेतला! कोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. स्थानिक स्वराज्य संस्था कशी वागते हे शिकायला कुठल्या परिषदेला जायची जरुरी नाही. महाडच्या एका तळ्याने सगळं शिकवलंय.

म्हणून 'स्थानिक संस्थांना मदत करा, त्यांना शिकवा, त्यांची क्षमता वाढवा' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. पालिकेला येत नाही असं नाही. पालिकेवर दाब नाही. जिथं दाब आला तिथं तिला सगळं आलं.

पुण्याचं बघा. १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांच्या आधाराने. बहुतेक बाया दलित, मातंग, महार. त्यांनी पहिल्यांदा भीक नाही मागितली, ओळखपत्र मागितलं. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, कामगार आहोत. १९९६ ला पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रावर आपली मोहर दिली. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' सहकारी संस्था झाली, २००८ पासून महापालिकेशी करार, दारोदार कचरा घ्यायचा, घराघरातून ठरलेले पैसे, सुका माल विकायचा हक्क बाईचा. तो शेवटचा तुकडा पुन्हा वाचा: विकायचा हक्क बाईचा. टेंडर नाही. हे चक्र खरं. पण स्वर्ग नाही, हेही सांगतो. डिसेंबर २०२० ला कराराची मुदत संपली तेव्हा नूतनीकरण लांबत गेलं, ठेकेदाराची भाषा सुरू झाली, बायांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. पगार नाही, पेन्शन नाही, वाहनाचा, डब्याचा, हातमोज्याचा रडगाणा दर वेळी. कामगार म्हणून मान्य, पण पालिकेचा कामगार म्हणून नाही.

दुसरी वाट मुंबईची. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठेक्यावरच्या सफाई कामगारांची लढाई वर्षानुवर्षं कोर्टात लढली आणि २०१७ ला सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कामगार महापालिकेत कायम करून घेतले. कायम! हा शब्द चक्राकारपेक्षा जड आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला तो काही झाडूचे गोडवे गायला नाही. गांधींनी सफाईला पुण्य केलं. आता तेच पुण्य 'पर्यावरणदूत' नावाने परत आलंय. २ ऑक्टोबरला हार, शाल, नारळ, फोटो. ३ ऑक्टोबरला हजेरी नाही तर खाडा. हार नको, हजेरीपुस्तकात नाव घाला.

इथं आपल्याच पोरांशी थोडं बोलायचंय. चळवळीत दोन आवाज आहेत. एक म्हणतो, बाबासाहेबांनी घाणीचं काम सोडा सांगितलं, तुम्ही त्याच कामावर हक्क कसला मागता? दुसरा म्हणतो, पोटाला काय खाऊ? लाड-पागे समितीची नोकरी बघा. १९७५ च्या शासन निर्णयापासून सफाई कामगाराच्या वारसाला सफाई कामगाराची नोकरी. बापाचा झाडू पोराला. याला वतन नाही तर काय म्हणायचं? पण च्यायला, तीच एक कायम नोकरी उरलीय. बी.ए. झालेला पोरगा त्या झाडूसाठी रांगेत उभा आहे, कारण दुसऱ्या कुठल्याच रांगेत त्याचं नाव निघत नाही. त्याला शिव्या देणारा दादरच्या वाचनालयात बसून देतो.

माझं म्हणणं असं. बाबासाहेबांनी कातड्याला शाप दिला नव्हता. जन्माने लादलेलं, नाही म्हणायची सोय नसलेलं आणि मोबदला नसलेलं काम त्यांनी नाकारलं. या तीन गाठी आहेत. कचऱ्यावरचा हक्क मागताना तिन्ही सोडवायच्या. मजुरी पूर्ण आणि थेट पालिकेकडून. काम यंत्राने, हातांनी नाही. वर्गीकरणाला शेड, सरकता पट्टा, पाणी, संडास, लहान पोरांना पाळणाघर. आणि यंत्र आलं की यंत्राचा मालक कामगारांची सोसायटी, आमदाराचा मेव्हणा नाही. राहिली जन्माची गाठ. ती सोडवायची तर वारसाला नोकरी द्या, पण झाडूचीच का? लेखनिकाची द्या, गाळणी प्रकल्पाच्या तंत्रज्ञाची द्या, प्रयोगशाळेत द्या. आणि झाडूच्या भरतीत कुलकर्णी, पाटील यांची पोरं येऊ द्या. पगार बरा, काम यंत्राचं, पेन्शन आहे म्हटल्यावर येतील. न आली तर बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न त्यांना विचारू: फायदा एवढा आहे, मग तुम्ही का नाही?

पनवेलमध्ये, उरणमध्ये राहणाऱ्या पोरांना काम सांगतो. नुसतं वाचून बाजूला ठेवू नका.

महापालिका हद्दीत राहत असाल तर माहितीच्या अधिकारात कचऱ्याच्या ठेक्याची प्रत मागा. करारात पैसे टनावर आहेत का बघा. वेचणाऱ्यांच्या किती ओळखपत्रांवर आयुक्तांची सही आहे, आकडा मागा. कामगाराच्या खात्यावर पगार जमा होतो त्याचा पुरावा मागा, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागा. ठेकेदाराने दिला नसेल तर मूळ मालक म्हणून पालिकेला पकडता येतं.

न्हावा, गव्हाण, जासईकडचे असाल तर ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पंधराव्या वित्त आयोगाचे २०२१ ते २०२६ चे पैसे पंचायतीत आले, त्यातला ६० टक्के बंधित निधी, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. तो कुठं गेला याचा हिशेब उभं राहून विचारा. बसून नाही. बौद्धवाड्यात, कातकरीवाडीत, हनुमान कोळीवाड्यात कचऱ्याची गाडी आठवड्यात किती वेळा येते, तेही त्याच सभेत. आगरी-कोळी पोरांना बरोबर घ्या, समुद्र त्यांचाही खराब झालाय. आणि बंदराने भोवतालच्या पंचायतींच्या कचऱ्याचा खर्च उचलावा असा ठराव मांडा, ज्याच्या धक्क्यावर जगाचा माल उतरतो त्याला हे परवडतं. सरपंच म्हणेल विषयपत्रिकेत नाही. म्हणून अर्ज आधी द्यायचा, लेखी, सभेच्या बराच आधी. ग्रामसेवक म्हणेल ठेवून जा. ठेवून जायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि गोल शिक्का मारून घ्यायचा.